थुंकीचा आशीर्वाद

फोन वाजला तेव्हा कुबातबेकनं गोळी जिभेवर ठेवली होती आणि पाण्याचा पेला उचलायचाच बाकी होता. पेला तसाच राहिला, फोन उचलला गेला. “जेज्दे, असाल तसे निघा,” पलीकडून झूरा ओरडत होती, “बाळाला मशिनीवर ठेवलंय. या आणि त्याच्यावर फुंकर घाला. तुमचीच थुंकी आहे त्याच्या तोंडात, आता तुमचीच फुंकर लागू पडायची.” झूरा त्याच्या बायकोची, गुल्सूनची, धाकटी बहीण आणि बाळाची आजी. थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला जेज्दे म्हणायचं आणि त्याची मनसोक्त फिरकी घ्यायची हा तिचा जन्मभराचा हक्क होता, आणि गुल्सूनच्या मयतीच्या दिवशीसुद्धा तिनं तो बजावला होता. आज तिनं एकही टोमणा मारला नाही.  “सर्दी होती ना नुसती?” त्यानं विचारलं. “सर्दी होती, मग छाती भरली, मग इंजेक्शनं झाली, एक झालं, दुसरं झालं, आता डॉक्टरीण म्हणते एकही औषध लागू पडत नाही. कसं पडेल? त्या सुनेनं खिडकी उघडली, जेज्दे! चाळीस दिवसांच्या पोराच्या खोलीत, ऐन जानेवारीत! माझ्या डोळ्यांदेखत उघडली. हे झालं की नारीनला पाठवते तिला, तिच्या आईकडे. तिथं उघड म्हणावं सगळ्या डोंगरांकडच्या खिडक्या.” फोन बंद झाला. जिभेवरची गोळी एव्हाना विरघळली होती आणि तिचा कडूपणा घशात उतरत होता. हा कडूपणा त्याच्या इतक्या ओळखीचा होता की एरवी तो त्याला जाणवलाही नसता. आज तो उभ्या उभ्या त्याची चव घेत राहिला. मग त्याला खोकला आला आणि त्यानं तो दाबला, रेडिओवर दाबायचा तसाच, पोट आत घेऊन, ओठ मिटून, जगाला पत्ता लागू न देता.

कोट चढवताना, मफलर गुंडाळताना, जिना उतरताना त्याच्या मनात एकच वाक्य फिरत होतं, तुमचीच थुंकी आहे त्याच्या तोंडात. झूरानं ते आशेनं म्हटलं होतं. पहिल्या मजल्यावर राहिमाच्या दारापाशी तो थांबला. राहिमा कधीकाळी नर्स होती. अख्ख्या जिन्याला ती इंजेक्शनं देई आणि बदल्यात कुणी जॅमची बरणी, कुणी लोणी, कुणी नुसते चार गोड शब्द देई. बारशाच्या, म्हणजे त्या चाळिसाव्याच्या दिवशी सकाळी याच दारात त्यानं कंबरेचा पट्टा सैल केला होता. आदल्या रात्रीपासून कणकण होती, आठवडाभर खोकला होता, आणि राहिमा सुई टोचता टोचता म्हणाली होती, “कुबाके, घरी पडून राहा की. एक समारंभ चुकला तर आभाळ कोसळतं का?” सगळा देश त्याला कुबाके म्हणे, त्यात राहिमाही आली. “मला बोलावलंय,” तो म्हणाला होता, “मी गेलो नाही तर पोराच्या तोंडात थुंकणार कोण?” आणि हसला होता. इंजेक्शन घेतलं की आजार संपला, असं त्यानं आयुष्यभर मानलं होतं. सुई आत गेली की माणूस निर्दोष. पुढं घसा मोकळा झाला की उरलेल्या कुप्या खणात पडत, पुढच्या वेळेसाठी. आज राहिमाचं दार बंद होतं आणि आतून कुणीतरी खोकत होतं.

बाहेर शहर दिसत नव्हतं. कोळशाचा धूर आणि धुकं यांची एकच गोधडी झाली होती, आणि तिच्याखाली बिश्केक पडल्या पडल्या खोकत होतं. तो मिनीबसमध्ये चढला. माणसं कोंबलेली, काचांवर श्वासांचा थर, सगळ्या खिडक्या बंद, आणि एका कोपऱ्यातला खोकला दुसऱ्या कोपऱ्यातल्या खोकल्याला उत्तर देत होता. गुल्सून असती तर तिनं ड्रायव्हरच्या डोक्यावरचं झापड उघडायला लावलं असतं, आणि गाडीभर माणसं तिच्यावर तुटून पडली असती, वारा लागेल, वारा लागेल. ती बालवाडीत शिकवायची. तिच्या वर्गात बर्फ पडत असतानाही दर तासाला खिडक्या उघडत, पोरं तेवढा वेळ कोट घालून हात झटकत उड्या मारत. दारातच साबण. कुणाचं नाक वाहत असलं की आईला परत पाठवायची, मग त्या आईनं कितीही आकांडतांडव करो. खोकायचं ते कोपरात. घसा धरला तर कोमट मीठपाणी, लिंबाचा चहा, आणि बाकीचं काम दिवसांवर सोपवायचं. “दिवसांवर!” तो हसायचा. “आणि माझ्या रात्रीच्या बातम्या कोण वाचेल, तुझे दिवस?” तिच्या वर्गातली पोरं कमी आजारी पडतात हे त्याला ठाऊक होतं, सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक होतं, आणि तरी लोक तिला जरा तऱ्हेवाईकच समजत. यात कुठं औषध नव्हतं, डबी नव्हती, सुई नव्हती. उघडी खिडकी आणि साबण यांना उपचार म्हणायला कुणाची जीभ रेटेना.

आणि गंमत अशी, की ते सगळं त्यानंच साऱ्या देशाला सांगितलं होतं. दर हिवाळ्यात रेडिओवर आरोग्याची पाच मिनिटं असत. मजकूर गुल्सून लिहून द्यायची, वाचायचा तो. हात धुवा. खोली हवेशीर ठेवा. आजारी असाल तर तान्ह्या मुलापासून आणि म्हाताऱ्यांपासून लांब राहा. डॉक्टरनं सांगितल्याशिवाय औषध घेऊ नका, आणि सांगितलं असेल तर मधेच सोडू नका. स्टुडिओला खिडकी नव्हती. दार जाड, भिंती कापडानं मढवलेल्या, लाल दिवा. त्या बंद पेटीत बसून तो हवेशीर खोल्यांबद्दल बोलायचा आणि कोटाच्या खिशात बोटांनी गोळ्यांची पट्टी चाचपत राहायचा. विभागप्रमुख एकदा म्हणाला होता, “तुझा खोकला देशानं ऐकता कामा नये.” तेवढं त्यानं शब्दशः पाळलं. सुरुवातीला दवाखान्यातलं पेनिसिलिन होतं, ढुंगणावर बसवत नसे इतकं दुखायचं. मग अँपिसिलिन. मग देश बदलला, बाजार उघडला, आणि बटाट्यांच्या शेजारी गोळ्या विकायला आल्या तेव्हा त्याला स्वातंत्र्य म्हणजे काय ते प्रथम कळलं. घशात नुसती खवखव झाली की गोळी. आवाज परतला की गोळी बंद. गुल्सून म्हणायची, “अर्धवट मारलेला साप सोडून देतोस तू घरात.” तो तिच्या कपाळाचं चुंबन घेई आणि बातम्या वाचायला जाई.

“बाळ, पुढच्या वळणावर थांबव,” तो ड्रायव्हरला म्हणाला, आणि समोरची म्हातारी दचकून सरळ बसली. “अय्या, कुबाके! तुम्हीच ना? आवाजावरून ओळखलं!” गाडीतली चार डोकी वळली. म्हातारीचे डोळे ओले झाले. “आमच्या गावात वीज जायची तेव्हा सासरे बॅटरी जपून ठेवायचे, तुमच्यासाठी. हिवाळ्यात तुम्ही काय ते सांगायचात, तब्येतीचं… काय बरं सांगायचात?” त्याला वाटलं, आठव. आठव बाई, एखादं तरी आठव. “आता नाही आठवत,” ती म्हणाली, “पण काय सांगायचात! नुसतं ऐकत राहावंसं वाटायचं.” आणि त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन तिनं कपाळाला लावला, मग त्याच हातांनी मांडीवरच्या नातवाचं नाक पुसलं. तो उतरला. रस्त्यावर उभं राहून त्यानं मनसोक्त खोकून घेतलं.

इस्पितळापर्यंतचा रस्ता चालताना तो दिवस पुन्हा त्याच्यासमोर उभा राहिला, सगळाच्या सगळा, जसा त्याला नको होता तसा. झूराचं घर शहराच्या टोकाच्या नव्या वस्तीत, कोळशाची शेगडी, एकच मोठी खोली, आणि खोलीत सगळं नातं. बाळाला चाळीस चमचे पाण्यानं न्हाऊ घातलं होतं, शेजारणींकडून मागून आणलेल्या चाळीस चिंध्यांचा सदरा घातला होता, आणि त्या रंगीबेरंगी सदऱ्यात ते एखाद्या गंभीर म्हाताऱ्यासारखं दिसत होतं. मटण शिजत होतं. चहाचे वाडगे हातोहात फिरत होते, रिकामा झालेला तसाच भरून पुढच्याला. बायका बाळाचे गाल, बोटं, तळवे चुंबत होत्या. कुणी शिंकलं की सगळे हसून आशीर्वाद देत होते. त्याचं अंग तापलं होतं, कानशिलं ठणकत होती, आणि एवढ्यात मानेवर गार हवेची एक झुळूक आली. इतकं बरं वाटलं की त्यानं डोळे मिटले. पडद्यामागं मीरिमनं खिडकी बोटभर उघडली होती. मीरिम म्हणजे झूराची सून, विशीतली, अजून सासरी बिचकून वावरणारी. नवरा एरमेक रशियात गोदामात कामाला. झूरानं पाहिलं मात्र, खिडकी धाडकन बंद झाली. “आमच्याकडं पोरं वाऱ्यावर टाकत नाहीत!” सगळे हसले. तोही हसला. मग बाळ त्याच्या मांडीवर आलं. “जेज्दे, याला तुमचा आवाज द्या. तुमच्या बायकोवर खेकसायचात तो नको, रेडिओवरचा द्या,” झूरा म्हणाली, आणि पुन्हा हशा. मोठ्या माणसानं तान्ह्याच्या तोंडात किंचित थुंकायचं, म्हणजे त्याचे गुण बाळात उतरतात. याहून मोठा मान त्याच्या लोकांत दुसरा नाही.

एक क्षण तो थांबला होता. हे कुणाला माहीत नव्हतं, फक्त त्यालाच माहीत होतं. मला खोकला आहे, दुसऱ्या कुणाला सांगा, एवढंच म्हणायचं होतं. कुणी रागावलं नसतं. शेजारच्या गणिताच्या मास्तरांनी उडी मारून बाळ घेतलं असतं. पण रेडिओनं त्याला केव्हाच निवृत्त करून घरी बसवलं होतं. आता त्याचा आवाज दूधवाल्याशी आणि भिंतीशी बोलायला उरला होता. आणि इथं कुणीतरी तो मागत होतं, तो मेल्यावरही कुणाच्या तरी गळ्यात राहावा म्हणून मागत होतं. बाळानं जांभई दिली. त्या इवल्या, गुलाबी, दात नसलेल्या तोंडाकडे पाहताना त्याला हाव सुटली. होय, हावच. दुसरा कुठला शब्द नाही. आपण उरावं याची हाव. इंजेक्शन तर घेतलंय, तो मनात म्हणाला, आणि वाकला.

इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर झूरा बाकावर बसली होती, डोक्यावरचा रुमाल घसरलेला, आणि तिचं तोंड एकाएकी तिच्या आईसारखं झालं होतं. “आलात! चला, चला आत, फुंकर घाला,” म्हणून तिनं त्याला दाराकडं ओढलं. दारात एक तरुण डॉक्टरीण आडवी उभी राहिली. तिचं नाव चोल्पोन, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. “आत कुणी जायचं नाही, आजी. मी सकाळपासून सांगतेय. फुंकर तर मुळीच घालायची नाही.” “हे कुबाके आहेत!” झूरा कडाडली. “साऱ्या देशाला—” “ठाऊक आहे. माझी आजीही ऐकायची. तरी नाही.” कुबातबेकला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी अडवल्याचा इतका आनंद झाला. तो म्हणाला, “मला तुमच्याशी बोलायचंय, मुली. एकटीशी.”

खोलीत गेल्यावर त्यानं सगळं सांगून टाकलं. त्या दिवशी ताप होता, आठवडाभराचा खोकला होता, बाळाच्या तोंडात तो थुंकला होता. मग त्यानं औषधांची नावं घेतली. अगदी जुन्या पेनिसिलिनपासून गेल्या महिन्यात राहिमानं टोचलेल्या सेफ्ट्रियाक्सोनपर्यंत, एकेक नाव स्पष्ट, एकेक अक्षर सुटं. इतक्या वर्षांत घेतलेली, अर्धी टाकलेली, पुन्हा घेतलेली. त्याला वाटत होतं, यातलं काहीतरी डॉक्टरच्या उपयोगी पडेल, हे देऊ नका, ते द्या, असा काहीतरी रस्ता निघेल, आणि त्यासाठीच तर तो लाज गिळून बोलत होता. चोल्पोन प्रत्येक नावाला मान हलवत होती, जणू ओळखीची माणसं भेटत होती. “ही सगळी देऊन झाली,” ती म्हणाली. “ही जी तुम्ही सांगितलीत ना, हीच चालत नाहीयेत. शेवटचं एक उरलं होतं, तेही कालपासून चालू आहे.” “म्हणजे ते माझंच आहे. माझ्याच घशातलं.” “असेल. छातीठोक कसं सांगू? त्या खोलीत आणखी किती जण खोकत होते? प्रत्येकाच्या घरी तुमच्यासारखा एक खण आहे, अर्ध्या पट्ट्यांचा. माझ्या आईच्याही आहे.” ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती दमलेली होती. “आणि खिडकी?” त्यानं विचारलं. “खिडकीनं काय होतंय? तेवढ्या माणसांत तेवढी एक गोष्ट कुणीतरी शहाणपणाची केली. मला विचारलं असतं तर दोन्ही उघडा म्हटलं असतं.” “मग हे बाहेर येऊन सांगा की. त्या पोरीला घरातून काढायला निघालेत.” “सांगितलं. तुमच्या मेहुणीनं मला विचारलं, तुला स्वतःची मुलं किती? मी म्हटलं, एकही नाही. झालं, तिथंच संपलं.” ती उठली आणि साबणानं हात धुवायला लागली, हळूहळू, नखांच्या कडेकडेनं. त्याला गुल्सूनच आठवली आणि मान वर करवेना. “तुम्ही सांगा,” ती पाठमोरी म्हणाली, “तुमचं सगळे ऐकतात.”

त्यानं सांगितलं. बाकावर झूराच्या शेजारी बसून, तिचा हात धरून. “झूरा, त्या दिवशी मला ताप होता. हे माझ्यामुळं झालंय. मीरिमचा काही दोष नाही.” झूरानं त्याच्याकडं पाहिलं, आणि तिचा चेहरा प्रेमानं असा विरघळला की त्याला धडकीच भरली. “ताप कुणाला नव्हता, जेज्दे? मलाही होता. सगळ्यांनाच असतो हिवाळ्यात. म्हणून काय माणसानं आशीर्वाद द्यायचा नाही?” “आशीर्वाद नव्हता तो. रोग होता.” “तोबा, तोबा! असं अभद्र बोलू नका. गुल्सून म्हणायचीच, माझा नवरा लोण्याचा आहे, दुसऱ्याचा गुन्हा स्वतःच्या अंगाला चोपडून घेतो. परक्या पोरीला वाचवायला कशाला स्वतःवर ओढवून घेताय?” तेवढ्यात तिचा फोन वाजला. एरमेक होता, आईला तो आपा म्हणे, मागं गोदामातली घरघर. “आपा, कसाय? मीरिम कुठंय? तिला सांग, माझ्याशी बोलू नकोस म्हणावं. लेकराची खिडकी उघडायला कुणी सांगितलं होतं तिला?” कुबातबेकनं फोन ओढून घेतला. “एरमेक, मी बोलतोय. ऐक. खिडकीचा काही संबंध नाही. डॉक्टरांनीच सांगितलंय.”  मग पोरगा रडायला लागला. “कुबाके… तुमचा आवाज ऐकला, बरं वाटलं. तुम्ही तिथं आहात ना, बस्स. तुम्ही आहात म्हणजे काही होणार नाही.” त्यानं काय सांगितलं ते पोरानं ऐकलंच नव्हतं. त्यानं नुसता आवाज ऐकला होता. कुबातबेकला वाटलं, ही नरडीच काढून ठेवावी बाकावर.

दुपारी दार उघडलं आणि चोल्पोन बाहेर आली. तिनं तोंडावरची पट्टी खाली ओढली होती. ती काही बोलायच्या आधीच झूरा बाकावरून घसरून जमिनीवर बसली, हात मांड्यांवर आपटत, पण आवाज न करता, कारण मोठ्यानं रडलं असतं तर खालपर्यंत गेलं असतं, आणि खाली मीरिम होती. आयांना मशिनींच्या खोलीत जाऊ देत नसत. त्या तळमजल्यावर बसत, दूध काढून वर पाठवत. “तिला कोण सांगणार?” झूरा कुजबुजली, आणि मग तिनं त्याचे गुडघे धरले. “तुम्ही सांगा. माझा जीव नाही व्हायचा. तिच्यावर किती का राग असेना, हे असं नर्सच्या तोंडून कळायला नको. माझ्या नवऱ्याचं तुम्हीच सांगितलं होतं मला.” मृत्यूची बातमी त्याच्या लोकांत उघडी देत नाहीत. जिभेचा धनी असेल असा वडीलधारा पुढं होतो, ती शब्दांत गुंडाळतो, थोडा भार स्वतःच्या डोक्यावर घेतो, म्हणजे ऐकणाऱ्याला धरायला काहीतरी राहतं. झूराचा नवरा घाटात ट्रकसकट गेला तेव्हा कुबातबेक इथं शहरात, लाल दिव्याखाली होता. तरी तिच्या दारात उभा राहून तो म्हणाला होता, “झूरा, तुझा ससाणा माझ्या मुठीवर बसला होता. दोरी मी सैल धरली, आणि तो उडाला.” अजून ते वाक्य नात्यातल्या लग्नांत, मयतींत लोक एकमेकांना म्हणून दाखवत.

जिना उतरताना त्यानं ठरवलं, ससाणा नाही, घोडा नाही, दोरी नाही. बाजारात भाव सांगतात तसं सांगायचं. पोरीला खरं कळलं पाहिजे, एका माणसाला तरी कळलं पाहिजे, म्हणजे ती उद्या नारीनला गेली तरी मान वर करून जाईल. आपण तिला दुसरं काही देऊ शकत नाही. मूल तर घेऊनच बसलो. खोलीत तिघी-चौघी बाया होत्या, त्याला पाहताच त्या एकेक उठून गेल्या. त्यांना कळलं होतं, म्हातारा माणूस अशा खोलीत कशाला येतो. मीरिम खिडकीखालच्या गरम पाण्याच्या नळ्यांना टेकून बसली होती, हातात दुधाची बाटली. नर्सनं हवेसाठी वरचं झापड उघडं ठेवलं होतं. “रेडिओ-अता,” ती उभी राहिली. सुनेनं सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून तिनं त्याला हे नाव ठेवलं होतं. अता म्हणजे बाप.

“मीरिम, बाळ गेलं,” तो म्हणाला. आणि त्याच्या कानांनी ऐकलं, की ते कसं निघालं. भरदार, खालच्या सुरात, गेलंच्या आधी नेमका तेवढा थांबा घेऊन. त्यानं घसा खरवडला, आवाज फाडायचा प्रयत्न केला, तर त्यात कंप आला, आणि कंपानं ते आणखीच सुंदर झालं. तो घाईघाईनं पुढं बोलत सुटला. “खिडकीनं काही झालेलं नाही, पोरी. तू केलंस ते बरोबर होतं. त्या दिवशी माझ्या अंगात ताप होता. खोकला होता. इंजेक्शन टोचून आलो होतो मी. माझ्या घशात जे होतं ते मी त्याच्या तोंडात टाकलं. औषधं खाऊन खाऊन मी त्या रोगाला माजवून ठेवलं होतं, तो कुठल्याच औषधाला ऐकेना. मी मारलं त्याला. मी. ऐकतेस ना? मी.” ती त्याच्या तोंडाकडं बघत होती. रडत नव्हती. नुसती ऐकत होती, लहान मूल झोपताना ऐकतं तशी. शेवटी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं. ती कृतज्ञता आहे हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो भिंतीला टेकला.

“आपा सांगतात ते खरं आहे,” ती हळूच म्हणाली. “सासरे घाटात गेले तेव्हा तुम्ही म्हणालात, दोरी मीच सैल धरली. तुम्ही तर तिथं नव्हतातही.” “ते वेगळं! ते नुसतं बोलायचं होतं. हे खरं आहे. वर जा, डॉक्टरला विचार.” “डॉक्टरही फार चांगल्या आहेत. त्याही म्हणाल्या, तुझी चूक नाही म्हणून.” तिनं बाटलीचं झाकण घट्ट केलं, मग पुन्हा उघडलं, मग बाटलीकडं बघत राहिली. “माझ्यासाठी कुणी एवढं केलं नव्हतं, रेडिओ-अता. माझ्या बापानंही नाही. एवढा मोठा माणूस, आणि स्वतःला असं…” तिचा आवाज तिथं तुटला. “पण मला ठाऊक आहे. मी उघडली होती. त्या दिवशी बोटभर उघडली होती, आणि नंतरही, आपा झोपल्या की उघडायचे. मला आत गुदमरायचं. वाटायचं, त्यालाही गुदमरत असेल.” “गुदमरतच होतं त्याला!” तो ओरडला, आणि ओरडताना खोकला फुटला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्या माणसासमोर, दाबता न येणारा, छाती फाडणारा, ओंगळ खोकला. तो वाकला, खुर्चीची पाठ धरून खोकत राहिला. त्याला वाटलं, हे तरी ऐक. यात सूर नाही, थांबा नाही. हे मी आहे.

मीरिमनं त्याला खुर्चीत बसवलं, त्याचा मफलर नीट गळ्याशी गुंडाळला. मग तिनं वर पाहिलं. “तुम्हाला वारा लागतोय,” ती म्हणाली, आणि नळ्यांवर पाय ठेवून चढली, झापड ओढून घेतलं, कडी लावली, आणि कडी नीट बसली की नाही ते पुन्हा एकदा तळहातानं दाबून पाहिलं. तशीच हात कडीवर ठेवून, त्याच्याकडं न बघता ती म्हणाली, “आपांना सांगाल? तुमचं त्या ऐकतील. म्हणावं, मला पाठवू नका. आता मी बंद ठेवीन.”